चारशेंची घळ आणि चाळिसांचा उतार

एकदा एका सरदाराने एका डोंगरी किल्ल्याला वेढा घातला. वेढ्याला तीन महिने होत आले होते. किल्ल्यात तीनशे दहा माणसे होती आणि धान्य उरले होते अकरा दिवसांचे. खाली रानात लमाणांचा तांडा ऐंशी बैलांवर धान्य लादून वाट पाहत थांबला होता. एकट्या माणसाला कड्यावरून दोराने उतरता येई, पण लादलेल्या बैलांसाठी वाटा दोनच होत्या. एक उत्तरेची घळ, दुसरा दक्षिणेचा उतार. कोणती वाट धरायची हे सांगण्याचे काम किल्ल्याच्या हेरखात्यावर होते. त्या खात्याचा प्रमुख एक म्हातारा होता आणि त्याच्या हाताखाली तिशीचा एक शिष्य शिकत होता.

शिष्य नालबंदाच्या वेशात महिनाभर शत्रूच्या छावणीत राहून आला होता. त्याने आणलेले टिपण चोख होते. घोडे किती, तोफा किती, कोणत्या चौकीवर पहारा केव्हा बदलतो, सारे त्यात होते. घळीच्या तोंडाशी चारशे माणसे होती आणि सरदाराचा मुक्कामही तिथेच होता. दक्षिणेला माणसे होती चाळीस.

“मग तुझं म्हणणं काय?” म्हाताऱ्याने विचारले.

“बाबा, ते चाळीस म्हणजे आमिष आहे. मागे कुठेतरी फौज दडवलेली असणार. आपण सगळी शिबंदी उतरवून घळ फोडावी. निम्मी माणसं पडतील, पण धान्य वर येईल.”

“दडवलेली फौज तू पाहिलीस?”

“नाही. पण मी त्या सरदाराच्या जागी असतो तर हेच केलं असतं. आणि तो कपटी आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्याच्याच माणसांनी माझं गाव जाळलं.”

म्हाताऱ्याने टिपणाची घडी घालून ती शिष्याच्या हातात परत ठेवली. “पुन्हा खाली जा. चार दिवस राहा. काही मोजू नकोस, कुणाच्या मागे फिरू नकोस. घोड्यांना नाल मार आणि तो सरदार समोर आला की त्याच्याकडे नुसता बघ.”

किल्लेदार तिथेच बसला होता. तो म्हणाला, “म्हातारबा, धान्य अकरा दिवसांचं. त्यातले चार तुम्ही नाल मारायला दिलेत?”

“सात उरतात,” म्हातारा म्हणाला.

शिष्य मनातून चिडला होता, पण दोर धरून उतरला.

पाचव्या दिवशी तो परतला. काय पाहिलेस, असे विचारताच तो म्हणाला, “विशेष काही नाही. एका करड्या घोड्याच्या पुढच्या उजव्या पायात खिळा आत टोचला होता. सरदाराची स्वारी आली तेव्हा घोडा लंगडत होता.”

“खिळा कुणी मारला होता?”

“माझ्या जोडीदाराने.” शिष्य ओशाळून हसला. “सरदार म्हणाला, ‘घोडा लंगडतोय आणि तुम्ही गाणी म्हणताय? माझ्या पायात मारा एक, म्हणजे जुगलबंदी होईल.’ आम्हाला वाटलं, आता चाबूक. पण त्याने स्वतः खूर मांडीवर घेतला, खिळा उपसला आणि म्हणाला, ‘काल हा पाय मीच पाहून बरा म्हटला होता. चूक माझ्या नजरेची.’”

“मग?”

“मग रोज सकाळ-संध्याकाळ तो यायचा आणि त्या घोड्याचा तोच पाय उचलून पाहायचा. शेजारच्या घोड्याचा नाल सुटून खडखडत होता, तिकडे त्याचं लक्षही नाही. शेवटी मीच तो ठोकला.”

म्हाताऱ्याने विचारले, “पहिल्या महिन्यात आपलं धान्य कुठून आलं होतं?”

“घळीतून. त्याच्या नाकाखालून.” हे बोलता बोलता शिष्य थांबला.

म्हातारा म्हणाला, “पोरा, महिनाभर तू त्याच्या छावणीत राहिलास, पण तिथे तुला भेटलास तूच. तू चतुर आहेस, म्हणून तुला तिथे चतुराई दिसली. तुझ्या मनात राग आहे, म्हणून तुला कपट दिसलं. तो कपटी नाही, कामसू आहे. जिथे एकदा चुकला, तिथून त्याची नजर हलत नाही. असा माणूस सापळे लावत बसत नाही, भोकं बुजवतो. दक्षिणेला त्याला अजून कुणी फसवलेलं नाही, म्हणून तिथे चाळीसच आहेत. शत्रूचं सामर्थ्य मोजायला आकडे पुरतात. त्याचं मन जाणायचं असेल, तर आपलं मन थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं.”

“आणि फौज दडलेली निघाली तर?” किल्लेदाराने विचारले.

शिष्य म्हणाला, “पहिल्या बैलाची वेसण माझ्या हातात असेल.”

तिसऱ्या दिवशी पहाटे धुके उतरले आणि तांडा दक्षिणेच्या उताराला लागला. पुढे दोराने उतरलेली किल्ल्यातली साठ माणसे होती, मागे बैल. अर्ध्या चढावर वाट एका टेकाडाला वळसा घालते. फौज दडवायची झाली तर जागा तीच. शिष्य वेसण आवळून तसाच पुढे चालत राहिला. वळणापलीकडून तित्तिरांचा एक थवा भर्रकन उडाला. तिथे दुसरे कुणी नव्हते. चौकीवरच्या चाळिसांनी थोडा वेळ झुंज दिली आणि मग वाट सोडली. त्यांचे शिंग घळीपर्यंत ऐकू गेले असले पाहिजे, पण घळीतून कुणी आले नाही. आपल्याला इथून हलवण्यासाठीच तिकडे गलका चालला आहे, अशी सरदाराची खात्री झाली होती.

दिवस वर येईपर्यंत ऐंशीच्या ऐंशी बैल दरवाजाच्या आत होते. किल्लेदाराने शिष्याच्या पाठीवर थाप मारली. “हे दीड महिना पुरेल. पुढचा तांडा कुठून आणायचा, तेही आताच सांगून टाक.”

“घळीतून,” शिष्य शांतपणे म्हणाला. “आता तो दक्षिणेला बसेल, आणि चूक माझ्याच नजरेची, असं म्हणेल.”

“त्याच्यावरचा राग गेला वाटतं तुझा?”

“नाही गेला. पण आता तो राग माझ्या डोळ्यांच्या आड येत नाही.”

म्हाताऱ्याने ते ऐकले आणि त्या दिवसापासून शिष्याचे टिपण तो न वाचताच किल्लेदाराकडे पाठवू लागला.

ज्याच्याशी आपला सामना आहे तो आपल्यासारखा नसतो, एवढे ज्याने ओळखले त्याची अर्धी लढाई झालेली असते.