पेंढ्याचे वासरू

पूर्वी शाल्मली नगरात भद्रसाल राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याची गोशाळा सांभाळणारा मंत्री होता. नाव सुनेत्र. माणूस शांत, पण दरबारातल्या उद्दाल पंडितापुढे त्याचाही जीव मेटाकुटीला येई.

उद्दालाचे म्हणणे एकच. कोणतीही गोष्ट सुटी करत जा; शेवटी जे तराजूत उतरेल तेवढेच खरे. माया, नाते, सगळे बोलण्यापुरते. राजाला हे फार पटले होते.

त्या वर्षी कपिला गाईचे वासरू मेले आणि तिने पान्हा चोरला. उद्दालाने वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे केले. कपिला चाटू लागली, पान्हा सुटला.

"बघा मंत्रिमहाशय! कातडे आणि पेंढा. आईची माया ती एवढीच."

"अहो, ती वासराला चाटते आहे हो, कातड्याला नाही."

"मग दाखवा ना ते वासरू. कुठे आहे?"

सुनेत्राने कपाळाला हात लावला.

गोशाळेत आणखी एक वासरू होते, त्याची आई वाघाने नेलेली. वाटीने दूध पाजले तरी ते वाळत चालले होते. सुनेत्राला ते कपिलेपाशी सोडायचे होते. उद्दाल म्हणाला, "याला कपिलेशी जोडणारे काय आहे? रक्तसुद्धा वेगळे. रानात सोडा." राजाने पौर्णिमेला सोडायची आज्ञा दिली.

इकडे चाटून चाटून कातड्याची शिवण उसवली. पेंढा बाहेर आला. कपिलेने तो हुंगला आणि तोंड फिरवले. दूध पुन्हा बंद. तेव्हा सुनेत्राने ते कातडे त्या पोरक्या वासराच्या पाठीवर बांधले. वासराने कासेला ढुशी दिली. कपिला दचकली. पेंढ्याने कधी ढुशी दिली नव्हती! मग ती मान वळवून त्याला चाटू लागली. पुढे सुनेत्राने कातडे काढले, तरी ती चाटतच राहिली.

पौर्णिमेला राजा आला. उद्दालाने लाकडे तोलायच्या मोठ्या तराजूत आधी गाय तोलली, मग वासरू, मग दोघे मिळून.

"बेरीज तेवढीच, महाराज. नाते शून्य शेर."

"अरे बाबा, दोघांना वेगळे करायचे आणि मग मधले शोधायचे, ही कसली रीत?" सुनेत्र वैतागून म्हणाला. "बरे, तसेच असो. न्या ते वासरू. अडवायला मध्ये काहीच नाही ना?"

उद्दालाने वासरू ओढले. ते हंबरले. कपिलेने असा हिसका दिला की दावे ताडकन तुटले आणि पंडित शेणात पडला. सुनेत्र तिच्या गळ्याला बिलगला म्हणून शिंगे पंडिताच्या छातीशी थांबली.

राजाने तुटके दावे उचलले. "उद्दाल, हे कशाने तुटले तेवढे तोलून सांग."

वासरू कपिलेजवळ राहिले.

ज्याला शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली, तो भिक्षू आजारी सोबत्याला विहारातल्या खोलीत टाकून बाहेर आला होता. 'देह म्हणजे माती, पाणी, तेज, वायू ही चार महाभूते, त्यात कोण कोणाचा,' असे म्हणत होता. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा उद्दाल तू. ते वासरू म्हणजे आत कण्हत पडलेला तुझा सोबती. कपिला म्हणजे दाराशी पेज घेऊन उभी असलेली ही उपासिका, आणि सुनेत्र मी. अरे, किती जन्म समजावू तुला?"

भिक्षू उठला, उपासिकेच्या हातून पेज घेतली आणि आत गेला. अशा आपपर न पाहणाऱ्या मायेला मैत्री म्हणतात.