भिवा मेस्त्रींचे जोडकाम

एकदा कोकणातल्या एका बंदराच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत होते. मार्तंडकाका त्यांचे नाव. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा होता. आता दृष्टी अधू झाल्याने ते खुर्चीत बसून मार्गदर्शन करीत आणि हाताचे काम त्यांची शिष्या शलाका करी. चार वर्षांच्या अभ्यासाने तिचे काम इतके नेटके झाले होते की तिने जोडलेल्या तारा पाहून रांगोळीची आठवण व्हावी. मात्र त्या नेटकेपणाचा तिला थोडा अभिमानही जडला होता.

एके दिवशी सकाळी इनास लोबो नावाचे सत्तरीतले वादक आपला अ‍ॅम्प्लिफायर रिक्षातून घेऊन आले. तरुणपणी त्यांनी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून संसार केला होता. आता ते गावातल्या मुलांना शिकवीत.

"काल गिटारच्या तारांना हात लावला आणि असा झटका बसला की मागे फेकला गेलो," ते म्हणाले. "माझे ठीक आहे हो, पण त्यावर मुले वाजवतात. मुलगी म्हणते, टाकून द्या. माझा हात धजत नाही."

शलाकाने मागची फळी काढली. आत साठून राहिलेली वीज आधी रीतसर उतरवली आणि मग दिवा जवळ धरला. आत नुसता गुंताडा होता. कुठे पंपाची जाड तार, कुठे दारावरच्या घंटेची बारीक तार, सांध्यांवर कथिलाचे ओबडधोबड गोळे. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. अर्थिंगचा तर पत्ताच नव्हता.

"कुणा गाढवाने केले हे?" ती बोलून गेली.

इनासबाबांनी मान खाली घातली. "भिवा मेस्त्रींनी. विहिरीवर पंप बसवायचे ते. त्रेचाळीस वर्षे झाली. माझा पहिला मोठा कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी हा बंद पडला. शहरातल्या दुकानाने तर आधीच सांगून ठेवले होते, ह्याचे भाग मिळत नाहीत, पुन्हा बिघडला तर भंगारात घाला."

"आहेत का ते अजून?" मार्तंडकाकांनी विचारले.

"आहेत. हिंडणेफिरणे संपले आता."

शलाकाने कात्री उचलली, तसे काका म्हणाले, "थांब. एकही तार कापण्याआधी हे सारे जसे आहे तसे कागदावर उतरव."

"चुकीच्या जोडणीचा नकाशा काढून काय करायचे, काका?"

"काढ तर खरा."

तिने मनाविरुद्ध कागद घेतला. दोन दिवस ती एकेक तार हुडकत राहिली. आरंभी चिडचिड होती. पुढे मात्र तिला नवल वाटू लागले. काम अडाण्याचे होते, पण आंधळे नव्हते. योग्य भाग मिळाला नाही तिथे दोन वेगळे भाग जोडून त्या माणसाने हिशेब जमवला होता. आणि स्पीकरला जोडलेला ट्रान्सफॉर्मर, शेवटचा व्हॉल्व्ह, शिवाय आणखी पाचसहा भाग एकाच जातीचे होते. ते अ‍ॅम्प्लिफायरचे नव्हतेच. घरगुती रेडिओतले होते.

"कुठल्या तरी मोडक्या रेडिओतून काढले असतील," ती म्हणाली.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. "आता दुरुस्त कर," एवढेच ते म्हणाले. "धोक्याचे काहीही ठेवू नकोस. ट्रान्सफॉर्मर मात्र चांगला आहे, तो राहू दे."

शलाकाने सगळ्या तारा उपसून नव्याने बसवल्या, खरा फ्यूज घातला, तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंग दिले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी इनासबाबांनी येऊन गिटार जोडली. इतकी वर्षे सुरांमागे येणारी गुणगुण नाहीशी झाली होती. स्वर इतका स्वच्छ आणि उबदार उमटला, की ते वाजवायचे थांबून नुसतेच ऐकत राहिले.

"आता आपण तिघे भिवा मेस्त्रींकडे जाऊ," मार्तंडकाका म्हणाले. "शलाका, तो कागद घे."

शलाका संकोचली. ह्या वयात त्या माणसाला त्याच्या चुका दाखवून काका काय साधणार? परंतु गुरूंपुढे बोलावे कसे, म्हणून तिने कागदाची घडी घालून बरोबर घेतला.

भिवा मेस्त्री पडवीत खाटेवर बसले होते. शेजारी त्यांची पत्नी गोधडी शिवीत होती. इनासबाबांनी ओळख करून दिली. मार्तंडकाका पुढे झाले, आणि काठी बाजूला ठेवून, कष्टाने वाकून, त्यांनी त्या पंपवाल्याच्या पायांना हात लावला.

शलाका पाहतच राहिली. भिवा मेस्त्री तर गोंधळून पाय आखडू लागले.

"मेस्त्री, तुमचे काम पाहून आलो," काका म्हणाले. "एक विचारू? तो ट्रान्सफॉर्मर कुठून आणला होता?"

"रेडिओचो. बंदच पडलेलो तो," मेस्त्री पुटपुटले.

"खोटा सांगतत!" सुई थांबवून पत्नी म्हणाल्या. "सकाळी मी स्वतः बातम्यो ऐकलंय त्याच्यावर. दुपारी बघतंय तर पेटी रिकामी! मग वर्सभर शेजारणीच्या दारात बसान गाणी ऐकलंय."

इनासबाबांच्या चेहऱ्यावरचा रंगच पालटला. "मेस्त्री, मला कधी बोलला नाहीत?"

"बोलान काय करतलंय? तू वाजवलंस ना संध्याकाळी? झाला तर."

इनासबाब खाटेच्या कडेला बसले. त्यांनी मेस्त्रींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मग मेस्त्रींची नजर शलाकाच्या हातातल्या कागदाकडे गेली. "ह्या माझाच काम मां? खंय चुकला, ता दाखय बघू, चेडवा."

शलाका खाली बसली. तिने कागद पसरला आणि अर्थिंग का हवे, गिटारकडून येणारी तार विजेच्या तारेपासून दूर का ठेवावी, हे हळूहळू समजावले. पंचाऐंशी वर्षांचा तो माणूस लहान मुलासारखा ऐकत होता.

"अरे देवा! म्हणान झटको मारी होय!" ते म्हणाले, आणि शलाकाचा खांदा थोपटून मनापासून हसले. "बरा केलंस गो. बरा केलंस."

निघताना अंगणात शलाकाने विचारले, "काका, त्या जोडणीने एखाद्याचा जीव गेला असता. तरी तुम्ही नमस्कार केलात?"

"गेला असता, म्हणून तर त्यांची एकही तार ठेवू दिली नाही," मार्तंडकाका म्हणाले. "चूक ती चूकच. पण शहरातले जाणकार चुकले नाहीत, कारण त्यांनी हातच लावला नाही. ह्या माणसाला विद्या नव्हती, साधन नव्हते. समोर एका तरुणाची भाकरी होती. त्याने घरातला चालता रेडिओ मोडला आणि जमेल तसे जोडले. त्या वेड्यावाकड्या सांध्यांवर एक संसार उभा राहिला. ते वाद्य तेव्हा भंगारात गेले असते, तर आज तुझी विद्या कशावर चालली असती? आपल्या हाती येणारी प्रत्येक जुनी वस्तू आधी कुणीतरी जगवलेली असते, पोरी."

शलाका फाटकापर्यंत आली आणि तिथून परत वळली. पडवीच्या कोनाड्यात रेडिओची ती लाकडी पेटी अजून होती. आत गोधडीच्या चिंध्या आणि दोऱ्याची रिळे भरलेली.

"आजी," ती म्हणाली, "हा रेडिओ मी नेऊ का? पंधरा दिवसांत गाता करून आणते."

आजींनी तिच्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि एकेक रीळ काढून ओच्यात ठेवू लागल्या.

आपल्या आधी ज्यांचे हात राबले ते निष्णात होतेच असे नाही. पण ते राबले, म्हणून आपल्या वाट्याला काम आले.