थोरलीचा शेला

फार मागची गोष्ट. भिकोबा वैद्यांच्या बंद खोलीत औषधासाठी लावलेली भांगेची दोन रोपं कुंड्यांत शेजारी शेजारी वाढत होती, थोरली आणि धाकटी. रोज सकाळी बुवा यायचे आणि एकेक पान उलटून ओल्या फडक्यानं पुसायचे.

थोरलीला आधी फुलोरा आला. त्याच दिवसांत धाकटीला थोरलीच्या पानाखाली रस शोषणारे, ठिपक्याएवढे लाल कोळी दिसले.

"ताई, बुवांना सांग ना."

"गप गं! सांगितलं की ते पानं खुडतील. आत्ता कुठं नटलेय मी. तुला माझी शपथ आहे."

धाकटी गप्प बसली. बुवा आले की थोरली म्हणायची, "हात नका लावू, फुलं दुखतात." बुवा बिचारे हसून पुढे सरकायचे.

खोलीतल्या कोरड्या उबेत कोळ्यांचं फावलं. आठवड्याभरात फुलांवर बारीक जाळं चढलं. "बघ, शेला आला मला," थोरली म्हणाली, पण तिचा आवाज खोल गेला होता.

जाळं बघून बुवा म्हणाले, "पोरी, आधी कळतं तर पानं धुतली असती गं. आता फुलं भिजवली तर कुजतील, आणि तुला ठेवलं तर धाकटीही जाईल." त्यांनी थोरलीला मुळासकट उपटलं आणि अंगणात नेऊन जाळलं.

पुढं धाकटी फुलली. बुवा यायच्या आधीच ती सगळी पानं उलटी करून उभी राहायची.

"अगं, तुझं अंग स्वच्छ आहे, कशाला एवढं?"

"शपथ राखली मी, बुवा," धाकटी म्हणाली. "ताई नाही राखली."