ठेवू का?

"पण दहाच मिनिटं का, मास्तर?"

हे विचारायचं नाही, असं मृण्मयीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी फोनवर गप्पा मारणारी ही संस्था दाबके मास्तरांनी उभी केलेली; मृण्मयी तिचं ॲप सांभाळायची, फोनही घ्यायची. ॲपमध्ये काय हवं ते बदल, पण दहा मिनिटांना हात लावायचा नाही. दहा झाली की फोन आपोआप बंद.

मास्तर हसले. "मी टेलिफोन एक्स्चेंजातला माणूस. ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळायची. मी दहा दिली, तरी तुला कमीच!"

"अचलपूरच्या इंदुकाकू रोज फोन करतात. यजमान गेले त्या दिवसाचं सांगतात. सकाळच्या चहापासून सुरुवात... दुपारपर्यंत येतात न येतात, तोच फोन कट. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा."

मास्तर तिच्या लॅपटॉपकडे झुकले.

"कुठे असतो हा आकडा?"

"क्लाउडवर. सेटिंगच्या या चौकटीत. इथे बदलला की ॲप न थांबवता सगळीकडे बदलतो."

"मग बदल की."

तिने झटकन दहा खोडले, पंचेचाळीस लिहिले.

मास्तरांनी चष्मा सावरून पाहिलं. "पंचेचाळीसच का?"

मृण्मयीने खांदे उडवले.

"माझा आकडा पुसलास. तुझा लिहिलास."

"मग करू तरी काय?"

मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला आणि समोरच बसलेल्या तिला फोन लावला. तिने वैतागून उचलला.

"जेवलीस का, बाळ?"

"हो... म्हणजे आज आईनं—"

मास्तरांनी फोन बंद केला.

ती हातभर अंतरावर होती. तरी तिला लागलं.

"असं काय करता? निदान 'ठेवू का' तरी म्हणायचं!"

मास्तर नुसते त्या चौकटीकडे बघत राहिले.

मृण्मयीने पंचेचाळीसही पुसले. चौकट रिकामीच जतन केली.

संध्याकाळी विश्वस्त आले. बापटकाका खुर्चीत टेकायच्या आतच कडाडले, "मर्यादाच काढलीस? मग फोन ठेवणार कोण?"

"ज्यांनी केला, ते."

"आणि रांगेत ताटकळणारे? तुमच्या पिढीला कशाचा धरबंधच नाही," लोखंडेकाकू म्हणाल्या. "मुकाट्यानं परत दहा टाक."

"रांगेसाठी मी कॉलेजातल्या मैत्रिणी बोलावते. माणसं वाढवू. पण दहा टाकणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"बोला, इंदुकाकू... हो, चहा झाला... बरं, मग ते अंगणात गेले..."

दहा मिनिटं होऊन गेली. फोन चालूच राहिला.

"...मग? दुपारी काय झालं, काकू?"

बापटकाकांनी घड्याळाकडे बघत तोंड उघडलं. मास्तरांनी हलकेच त्यांच्या मनगटावर हात ठेवला. घड्याळ झाकलं गेलं.

"थांबा," ते कुजबुजले. "इंदुकाकूंची संध्याकाळ व्हायचीय अजून."