काकवीची चोखणी आणि भिकुशेटची मोजणी

मंडळी, एक सांगा बरं. एखादं दंतमंजन गुणाचं आहे की नाही, हे विचारायचं झालं तर विश्वास कुणावर ठेवाल? विकणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर, की दात मोजणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. फार पूर्वी उसाच्या मळ्यांत बुडालेलं एक गाव होतं, आणि त्या गावात हे तिघंही मिळून एकच माणूस होता. त्याचं नाव भिकुशेट.

भिकुशेट कुठल्या शाळेत गेला नव्हता. बाभळीच्या सालीचा कोळसा, सैंधव आणि चिमूटभर लवंग कुटून त्यानं आपलं मंजन स्वतःच बसवलं होतं. पहाटे उठून ते आधी स्वतःच्या दातांना लावायचं आणि मग दुकान उघडायचं, हा त्याचा नेम. बोलायला गोड, आणि प्रत्येक पुडीबरोबर एक गोष्ट फुकट.

त्या गावात एक दुखणं मात्र घरोघर होतं. पोरांना दुधाचे दात यायचे आणि बघता बघता काळे पडायचे. तीन वर्षांचं पोर भाकरीचा तुकडा गालात धरून रडायचं. कुणी म्हणे पाणी वाईट, कुणी म्हणे दृष्ट लागते.

एक दिवस राजाचा कारभारी आला. म्हणाला, "भिकुशेट, चाळीस गावांतून हीच तक्रार आहे. तुझ्या मंजनानं दात वाचत असतील तर चाळीसही गावांना तूच पुरवायचं. पण गोड बोलणं नको, मोजणी दाखव. पंधरा दिवसांनी येतो."

चाळीस गावं! भिकुशेटच्या डोळ्यांपुढे बैलगाड्यांची रांग उभी राहिली. त्यानं त्याच दिवशी दुकानाच्या ओट्यावर पाट मांडला. मंजन न्यायला जी आई येईल, तिच्या कडेवरच्या पोराला म्हणायचं, "आ कर रे वाघा!" आणि वहीत लिहायचं. आठवड्यात बारा पोरं झाली. किडके दात फक्त दोघांचे. भिकुशेट खूश.

नेमकी तेव्हा गावची सुईण बायजाक्का हळद न्यायला आली. गावातलं प्रत्येक पोर तिच्याच हातावर जन्मलेलं. वही बघून ती हसली.

"शेट, गाडगी विकणारा पक्कंच गाडगं वाजवून दाखवतो, तसं झालं हे."

"म्हणजे काय, आक्का?"

"ज्यांना गुण आला ती माणसं परत तुझ्या दुकानात आली. ज्यांच्या पोरांचे दात मंजन लावूनही गेले, त्या बाया कशाला येतील तुझी पायरी चढायला? त्या मला रस्त्यात भेटतात. तुझ्याबद्दल काय बोलतात ते सांगू का?"

"नको," भिकुशेट घाईघाईनं म्हणाला.

पण मनात किडा वळवळला. हा माणूस भारी कुतूहलाचा. सुपारीच्या पोत्यात एक सुपारी वेगळी दिसली तरी फोडून बघणारा. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो बायजाक्काबरोबर निघाला. मंजनाची तीस पोरं आणि बिनमंजनाची तीस, घरोघर जाऊन मोजायची.

आक्का तोंड उघडायला लावी, शेट लिही. एका पोरानं त्याचं बोट असं चावलं की आक्का म्हणाली, "याचे दात शाबूत आहेत, लिही!"

साठ पोरं झाली. मंजनवाल्या तिसांत सोळा किडकी. बिनमंजनवाल्या तिसांत सतरा. भिकुशेटनं पुन्हा बेरीज केली. पुन्हा तेच. एवढी वर्षं कुटलेल्या मंजनाचा गुण, तिसात एका पोराचा.

"चला, धंदा बुडाला," तो ओट्यावर बसत म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "पण आक्का, सत्तावीस पोरांचे दात चांगले राहिले ना? ते का राहिले? त्या घरांत असं काय आहे?"

पुन्हा फेरी सुरू झाली. पाणी कुठलं? एकाच विहिरीचं. भाकरी कशाची? सगळीकडे ज्वारीचीच. शेवटी दोघं गुऱ्हाळावर पोचली. उसाचा रस उकळत होता आणि बाजूच्या सावलीत बारा-पंधरा पोरं निवांत झोपली होती. प्रत्येकाच्या तोंडात फडक्याची एक इवली पुरचुंडी.

"ही काय गं?" भिकुशेटनं चंपा नावाच्या मजूरबाईला विचारलं.

"चोखणी. काकवीत बुडवायची आणि तोंडात द्यायची. पोर दुपारभर झोपतं. रात्रीही तीच. आमच्या आयांनीही हेच केलं."

"आणि दात?"

"रोज सकाळी तुमचंच मंजन लावते की!"

बायजाक्कानं कपाळाला हात लावला. "सकाळी घासायचं आणि दिवसरात्र दात पाकात मुरवायचे. मंजन बिचारं काय करील?"

भिकुशेटनं त्या साठही पोरांच्या घरी चोखणीचं विचारून घेतलं आणि वही उलटी धरून नवी मोजणी मांडली. चोखणी घेणारी पोरं छत्तीस, त्यांतली एकतीस किडकी. न घेणारी चोवीस, त्यांतली किडकी फक्त दोन.

आता त्याच्याकडे दोन कागद झाले. एक ओट्यावरचा, बारांत दोनवाला. एक घरोघरचा. पहिला कागद खोटा नव्हता, मंडळी. त्यातली बाराही पोरं खरी होती. कारभाऱ्यासमोर तेवढाच ठेवला असता तर चाळीस गावं हातात होती. भिकुशेटनं तो दोनदा घडी घालून खिशात ठेवला आणि दोनदा काढला. मग गालात भाकरी धरून रडणारी पोरं आठवली. चाळीस गावांतली पोरं मंजनाच्या भरवशावर तशीच चोखणी घेऊन झोपणार होती.

कारभारी आला. भिकुशेटनं दोन्ही कागद पुढे ठेवले आणि म्हणाला, "हा मी बसल्या जागी मोजलेला, हा हिंडून मोजलेला. दुसरा खरा धरा. माझ्या मंजनानं तोंड स्वच्छ होतं, पण काकवीपुढं त्याचं काही चालत नाही."

कारभाऱ्यानं बराच वेळ वाचलं. "मग पुरवठा तुला देता येणार नाही."

"ठाऊक आहे."

चाळीस गावांत दवंडी पिटली: झोपताना पोराच्या तोंडात गोड नको. दवंडी ऐकून चंपा भिकुशेटवर तणतणत आली. "चोखणी काढली, आता पोर झोपवायला तुमची वही येणार का?" बोलणं रास्त होतं. बायजाक्कानं गुऱ्हाळाच्या मालकाला गाठून झाडांना झोळ्या बांधून घेतल्या आणि एक म्हातारी झोके द्यायला बसवली. चार दिवस पोरांनी मळा डोक्यावर घेतला. पाचव्या दिवशी झोपली.

तीन वर्षांनी भिकुशेट पुन्हा घरोघर हिंडला. दवंडीनंतर जन्मलेली वीस पोरं मोजली. तिघांचे दात किडके निघाले. त्यातलं एक त्याचा स्वतःचा नातू. आजीनं लाडानं लपूनछपून चोखणी दिली होती. भिकुशेटनं पहिल्या ओळीत त्याचंच नाव लिहिलं.

तात्पर्य: आपल्याला हवं ते उत्तर बसल्या जागी मिळतं, खरं उत्तर हिंडून शोधावं लागतं. तेव्हा मंडळी, घरातल्या पोरांचे दात असोत की आणखी काही, मोजाल तेव्हा हिशेब सचोटीनं ठेवा, आणि आपल्या विरुद्ध जाणारा आकडा आधी लिहा.