उघड्या दंडाची शितळाई

या पावणं, जरा वाकून आत या. गाभाऱ्याची चौकट बसकी आहे, मोठमोठ्या साहेबांची डोकी इथं आपटलीत. हां, आता आमच्या शितळाईकडं नीट बघा. हिरवं लुगडं, नाकात नथ, गळ्यात बोरमाळ, उजव्या हातात गच्च चुडा. आणि डावा हात? खांद्यापासून कोपरापर्यंत उघडा. ना चोळी, ना वाकी, ना पदर. दुसऱ्या कुठल्या देवळात देवीला असं अर्धं उघडं ठेवलं तर गाव गुरवाला पायताणानं हाणील. आमच्या वेळसरीत उलटं आहे. चुकून कुणी त्या दंडावर पदर ओढला, तर त्यालाच दहा बोल ऐकावे लागतात. बोट फिरवून बघा दंडावर. हे इथं, वाटोळं, खोलगट, चिंचोक्याएवढं. तिथं शेंदूर टिकत नाही, असं सांगतात. मी गुरव, जन्मभर थापतोय, आणि तो जन्मभर निघतोय.

हे कसं झालं, ते आमच्या घराण्यातल्या एका सुनेमुळं. सगुणा तिचं नाव. पणज्याच्याही आधीची गोष्ट, साहेबाचं राज्य नुकतं घाटावर आलेलं. सगुणाचा नवरा दरडीखाली गेला, आणि पूजा तिच्याकडं आली. बाईमाणसानं पूजा करायची म्हणून आधी गाव कुरकुरलं, पण दुसरं कुणी पहाटे उठून झऱ्याचं पाणी आणायला तयार होईना, तेव्हा गप्प बसलं.

तुम्ही शहरातली माणसं म्हणाल, देवी हा रोग होता. आमच्या म्हाताऱ्यांच्या लेखी तो रोग नव्हता, ते येणं होतं. पोराच्या अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणायचं, हात जोडायचे. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा. घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, पोराला नावानं हाक मारायची नाही, 'बया' म्हणायचं. दहीभाताचा थंड नैवेद्य दाखवायचा आणि वाट बघायची. मनात आलं तर पोर ठेवून जायची, मनात आलं तर घेऊन जायची.

सगुणाच्या घरी ती एकाच चैत्रात आली आणि दोन्ही मुलगे घेऊन गेली. जी बाई रोज तिला न्हाऊमाखू घालते, तिचेच! सगुणानं सेवेत तीळभर कसर ठेवली नव्हती. पण गावाचं तोंड कोण धरणार? "गुरविणीचंच काहीतरी चुकलं असणार," म्हणाले. शिळं पाणी घातलं असेल, विटाळ पाळला नसेल. आणि वाईट गोष्ट अशी, की सगुणालाही तसंच वाटायचं. दिवा लावताना ती मनातल्या मनात उजळणी करायची, काय चुकलं, कुठं चुकलं. मागं राहिली ती अंगावरची पोर, तानी. तिला ती पाठीशी बांधूनच देवळात झाडलोट करायची.

तशात टोचणारा आला. नारोपंत नाव, अंगानं गोल, डोक्याला पगडी, काखेत छत्री, आणि कुत्र्याला असा भ्यायचा की वेशीपासून चावडीपर्यंत चार वेळा बांधावर चढला म्हणे. त्याच्याबरोबर एक धनगरीण, तिच्या कडेवर तान्हं. त्या काळी लस बाटलीत नसायची, माणसात असायची. एका पोराला टोचायचं, आठव्या दिवशी त्याच्या दंडावर फोड भरून यायचा, त्यातलं पाणी सुईच्या टोकावर घेऊन दुसऱ्या पोराच्या दंडात. दुसऱ्याचं तिसऱ्याला. असा तो दिवा दिव्यानं लावत न्यायचा. एका गावानं नाही म्हटलं की ज्योत तिथंच विझली. धनगरणीच्या तान्ह्याचा फोड नेमका त्या दिवशी भरला होता. उद्या ते पाणी वाळणार होतं.

गावानं अर्थातच नाही म्हटलं. का म्हणणार नाही? कानावर काय काय आलं होतं! टोचलेली पोरं मोठी झाली की सरकार पलटणीत नेतं. गाईचा पू असतो त्यात. धनगराच्या पोराचं पाणी पाटलाच्या पोरात घातलं, तर जात राहिली कुठं? या सगळ्या गप्पाच. पण एक गोष्ट गप्पा नव्हती. खालच्या खोऱ्यात टोचलेलं एक पोर आठवड्याच्या आत गेलं होतं. त्याचा सुजलेला दंड बघून आलेला माणूस गावात होता. आणि सगळ्यांत वरचा प्रश्न पाटलानं विचारला, "देवी येऊ नये म्हणून टोचायचं, म्हणजे देवीच्या तोंडावर दार लावायचं. तिच्याच गावात? तिनं मनावर घेतलं तर आम्ही जायचं कुठं?"

नारोपंत बिचारा समजावून समजावून घामाघूम झाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, गुरविणीला विचारा. ती हो म्हणाली तर बघू. म्हणजे बघा, दोष द्यायलाही तीच, आणि अडल्यावर विचारायलाही तीच!

सगुणा देवळाच्या पायरीवर बसली होती. तिनं एकच विचारलं, "माझ्या पोरीला बाधेल का?"

नारोपंतानं पगडी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "बाई, दंड सुजेल. ताप येईल, पोर रात्रभर किरकिरेल. हे होणारच."

"आणि खालच्या खोऱ्यातलं पोर?"

"गेलं. मीच टोचलं होतं. घरच्यांनी जखमेवर शेण लिंपलं, त्यानं गेलं की माझ्या सुईनं, मला ठाऊक नाही. बाकीची टोचली ती सगळी खेळतायत. पण त्या एकाचं मला ठाऊक नाही."

पायरीखाली गाव उसळलं. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय!" कुणी धोंडा उचलला म्हणतात. सगुणा मात्र त्या माणसाकडं बघतच राहिली. तिच्या मुलांच्या वेळी दारात भगत आले होते, मांत्रिक आले होते, अंगारेधुपारे करणारे आले होते. जो तो छातीवर हात मारून म्हणाला होता, काही होत नाही, मी आहे ना. आणि दोन्ही मुलं गेल्यावर त्यांतला एकही परत तोंड दाखवायला आला नव्हता. 'मला ठाऊक नाही' म्हणणारा माणूस तिनं आज पहिल्यांदा पाहिला. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्याशी खरं बोललं, असं तिला वाटलं.

ती उठली. म्हणाली, "तू चुकलास कुठं ते सांगू? चावडीवर गेलास. या गावात नवं भात, नव्या विहिरीचं पाणी, पहिल्या वेताच्या गाईचं दूध, काहीही नवं आलं की आधी शितळाईला, मग माणसाला. हेही नवंच आहे. आधी तिला टोच."

नारोपंताचं तोंड उघडंच राहिलं. दगडाला टोचायचं? इथं थेंब थेंब मोलाचा, एक थेंब म्हणजे एक पोर! पण त्यानं सगुणाचे डोळे पाहिले. उपरण्याचं टोक ओलं करून, वाकून आत गेला. सगुणानं देवीची वाकी काढली, चोळीची बाही सोडली, पदर मागं सारला. सारं गाव दारात दाटलेलं. कुणाला वाटलं वीज पडेल, कुणाला वाटलं गुरवीण जागेवर रक्त ओकेल. नारोपंतानं, लहान पोराचा पुसावा तसा, देवीचा दंड हलक्या हातानं पुसला. धनगरणीच्या तान्ह्याच्या फोडातला थेंब सुईवर घेतला. दगडावर तीन ओरखडे काढले आणि थेंब त्यात मुरू दिला. पोराला म्हणायची सवय, म्हणून तोंडातून निघून गेलं, "झालं हं, झालं."

काही झालं नाही. समई तेवत होती तशी तेवत राहिली.

मग सगुणानं पाठीवरची तानी सोडली आणि तिचा डावा दंड पुढं केला. त्याआधी ती नारोपंताला मोठ्यानं म्हणाली, गावाला ऐकू जावं म्हणून, "काय बाधेल ते सांगून करतोयस. भलं झालं तर तुझं, वाईट झालं तर आपलं."

नारोपंताच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणतात. आजवर भलं झालं ते देवाचं आणि वाईट झालं ते त्याचं, हाच हिशोब त्याच्या वाट्याला आला होता.

तानीला ताप आला. दंड टम्म फुगला. सगुणा पोरीला घेऊन गाभाऱ्यातच बसून राहिली. इकडं पोरीचा दंड उघडा, तिकडं देवीचा दंड उघडा. मध्ये बसून ही दोघींना वारा घालतेय. पोर तापानं निपचित पडली तेव्हा बाया दारात येऊन कुजबुजल्या, "तिसरंही घालवलं हिनं." सगुणानं ऐकलं. तिला रडू फुटलं, पण ती उठली नाही. नारोपंतही पळाला नाही बरं का. कुत्र्यांना भिणारा तो माणूस देवळाच्या ओसरीवर पथारी टाकून राहिला, आणि तीन कुत्री त्याच्या उशाशी येऊन निजायला लागली.

ताप उतरला. आठव्या दिवशी तानीच्या दंडावर मोत्यासारखा फोड भरला, पोर दूध प्यायली आणि नारोपंताची पगडी ओढू लागली. नारोपंत म्हणाला, "बाई, हिला आता देवी यायच्या नाहीत." आणि सगुणा फुलं बदलायला देवीकडं वळली, तर दगडाच्या दंडावर हा वाटोळा खळगा! ओरखडे गेलेले, जागा अशी भरून आलेली, जशी जित्या कातडीवर भरून येते. कुणी म्हणतं, दगडच ठिसूळ, सुईनं टवका उडाला असेल. म्हणोत. त्या दिवशी मात्र आख्खं गाव पोरं कडेवर घेऊन पायरीशी आलं. गुरवाच्या पोरीचं पाणी पाटलाच्या नातवाला गेलं, पाटलाच्या नातवाचं खालच्या आळीला. जातीचं कुणी नाव काढलं नाही.

पुढल्या चैत्रात खोऱ्यात देवी उठल्या. गावंच्या गावं कडुलिंबानं झाकली गेली. ऐन दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, सगुणाला वेशीवर एक बाई दिसली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, उन्हातून अनवाणी आलेली, तोंडावर वणाचे डाग. पाणी मागितलं. सगुणानं कळशी वाकवली. बाई ओंजळीनं पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझ्या लेकीचा दंड बघू."

ओळखलं तिनं. जिला रोज न्हाऊ घालायची, तिला ओळखणार नाही? तिनं तानीचा दंड पुढं केला. बाईनं त्या वणावरून बोट फिरवलं. मग आपल्या डाव्या दंडावरचा पदर सारला. तिथं तस्साच वण. हसून म्हणाली, "या घरी मी येऊन गेलेय की. पाहुणचार झाला माझा. गावात सगळीकडं असंच?"

"सगळीकडं, आई."

"मग पुढं जाते."

बाई वळली. आणि सगुणाला कुठून धीर आला कोण जाणे, तिनं मागून हाक मारली, "आई! माझे दोघे नेलेस. माझं काय चुकलं होतं?"

बाई थांबली. मग मागं आली, सगुणाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काही नाही गं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

सगुणा तिथंच वेशीवर धाय मोकलून रडली. मान वर केली तेव्हा वाट मोकळी होती. त्या साथीत वेळसरीचं एकही पोर गेलं नाही, असं सांगतात. सगुणानं त्यानंतर देवीच्या त्या दंडावर कधी पदर घातला नाही. पुन्हा कधी ती बाई वेशीवर आली, तर त्या वणावरून गावाला ओळखू यावी म्हणून.

आणि आजही वेळसरीत नवं औषध आलं, की आणणाऱ्यानं आधी देवीसमोर उभं राहून मोठ्यानं काय बाधेल ते सांगायचं. काय दुखेल, काय सुजेल, काय ठाऊक नाही. मागं त्या मोठ्या साथीत लस घेऊन एक सिस्टर आली होती. तरणी पोर, दोन गावांनी दारं लावलेली, एका गावात अंगावर कुत्रं सोडलेलं. तिला वाटलं, आता इथं काय! आम्ही तिला इथं उभी केली. ती आधी 'काही होत नाही, घाबरू नका' म्हणाली, तर म्हाताऱ्या ओरडल्या, "तसं नको, खरं सांग!" मग सांगितलं तिनं. हात दुखेल, ताप येईल, लाखात एखाद्याला जास्त बाधेल, आणि किती दिवस पुरेल ते अजून ठाऊक नाही. आम्ही सगळे म्हणालो, "भलं झालं तर तुझं, वाईट झालं तर आपलं." पोर मटकन पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मग नाक पुसलं, पहिला कापूस देवीच्या दंडाला लावला आणि माझ्याकडं वळली. पहिला मान गुरवाचा.

भीती वाटली का, म्हणता? वाटली की! तेही मी मोठ्यानंच सांगितलं, सगळ्यांसमोर. मग माझ्यामागं रांग लागली.