उतरवलेली पट्टी

एकदा एका गायनगुरूंचा शिष्य सकाळीच त्यांच्या पाया पडायला आला, तो कायमचा निरोप घेण्यासाठी. आदल्या दिवशी देवळातल्या उत्सवात तो प्रथमच गायला होता आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा-वर, त्याचा आवाज फाटला होता. लोक हसले नाहीत, त्यांनी माना खाली घातल्या. ते हसण्याहून वाईट होते.

"गुरुजी, सात वर्षांनी माझी लायकी मला कळली," तो म्हणाला. "आता गावी जातो. मामांचं दुकान आहे, ते बघेन."

गुरुजींनी आपला तंबोरा पुढ्यात घेतला आणि एकेक खुंटी पिळून तारा उतरवू लागले. चाळीस वर्षे तो तंबोरा त्यांच्याच उंच पट्टीत लागत असे. त्याच्या खुंटीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आपल्यापायी गुरुजी तंबोराच बंद करून ठेवताहेत, असे शिष्याला वाटले.

पण तारा खालच्या पट्टीत पुन्हा नीट जुळल्या. मग गुरुजी तंबोरा घेऊन चक्क शिष्याच्या मागे, साथ करणाऱ्या शिष्यांच्या जागी जाऊन बसले.

"गा," ते म्हणाले.

हीच पट्टी गुरुजींनी त्याला पहिल्या वर्षी सुचवली होती आणि खाली उतरणे म्हणजे कमीपणा, असे समजून या शहाण्याने ती नाकारली होती. आता साक्षात गुरुजी साथीला बसल्यावर नाही कोण म्हणणार? त्याने डोळे मिटून सा लावला. आवाज चढत गेला आणि तार षड्जावर असा स्थिर झाला, की तंबोऱ्याचा भोपळा आपणहून घुमू लागला. हा आपलाच गळा, यावर त्याचा विश्वास बसेना.

"कापड कुणाच्याही पट्टीनं मोजता येतं, गळा येत नाही," गुरुजी म्हणाले. "तू सात वर्षं स्वतःला माझ्या पट्टीत मोजलंस आणि रोज उणा ठरलास. आधी स्वतःचा सा ओळखावा. मग काय जमतं आणि काय जमत नाही, ते खरं कळतं. आता ऐक, तुझा गंधाराचा सूर अजून कच्चा आहे."

कालपर्यंत या वाक्याने तो दोन दिवस जेवला नसता. आज त्याने नुसती मान डोलावली आणि गंधार पुन्हा लावून पाहिला.